पत्र्याखालचा हिवाळा

दिवाळी उरकली आणि चार दिवसांत आम्ही चिपळूणच्या स्टँडवर उभे होतो. ह्यांना चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर काम लागलं होतं. काही महिने एकट्याने काढल्यावर ते आम्हाला न्यायला आले होते. सई चार वर्षांची, ओंकार नुकता चालायला लागलेला. दोघांच्या अंगात सुती झबलीच होती, कारण आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी घाम येतो. आई पोचवायला आली होती. ती रडली नाही. दोन वाकळी दोरीने बांधून तिने आणल्या होत्या. कंडक्टरशी वाद घालून तिने त्या सीटखाली कोंबल्या आणि मग खिडकीशी येऊन म्हणाली, "घाटावरची थंडी हाडात शिरते गो. रात्री उठून पोरांच्या पाठीला हात लावून बघत जा."

मी हसले होते. थंडी ही काय काळजी करायची गोष्ट आहे, असं मला कुंभार्ली घाट चढेपर्यंत वाटत होतं.

गावाला फोन केला की आम्ही इतकी वर्षं एकच सांगत आलो, सगळं बरं आहे. आई, दादा, वहिनी, तुम्ही तेच ऐकलंत. आमच्यासारखे जे इकडे आले तेही आपापल्या गावाला तेच सांगतात. सगळं बरं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात काय झालं ते आज सांगते, आणि सांगताना मला अजून राग येतो, तो लपवणार नाही.

आमची खोली चाकणपासून थोडी आत, एका जुन्या गावाच्या कडेला होती. मालकांना सगळे आप्पा म्हणत. त्यांची जमीन कारखान्यांना गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्यांची ओळ उठवली होती. भिंती विटांच्या, आतून गिलावा नाही आणि वर नुसता पत्रा. मध्ये छत वगैरे काही नाही. मीटर सगळ्यांना मिळून एक. हिटर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, आणि रात्री जेवणं झाली की आप्पा मेन स्विच खाली ओढत. त्यांचा स्वतःचा बंगला समोरच होता, स्लॅबचा. बंगल्याच्या बाजूला गोठा. गोठ्यात दोन जर्सी गाई, त्यांच्या अंगावर गोणपाटाच्या झुली आणि डोक्यावर पिवळा बल्ब. तो बल्ब रात्रभर जळत असे. आमच्या खिडकीतून दिसायचा.

डिसेंबर लागला आणि पत्र्याने आपलं खरं रूप दाखवलं. चार माणसांचा श्वास वर जातो, गार पत्र्याला लागतो, त्याचं पाणी होतं आणि ते खाली ठिबकू लागतं. मी पहिल्यांदा समजले ओंकारने अंथरूण ओलं केलं. वाकळ बदलली तर तीही ओली. सईचे केस दमट. मग कळलं की पाणी वरून येतंय. वाकळ एकदा ओली झाली की ती ऊब देत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेते. आम्ही दोघं कडेला झोपू लागलो, पोरं मध्ये. वर प्लास्टिकचा कागद बांधला, तर पाणी त्याच्या झोळीत साचून एकदम अंगावर पडलं. पोरांचा खोकला हटेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांनी सांगितलं काय, तर मुलांना कोरड्या, उबदार खोलीत ठेवा. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

ह्यांच्या कंपनीत गाड्यांचे दिवे बनत. काचेवर ओरखडा उठू नये म्हणून एकेक दिवा मऊ फोमच्या शीटमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवत. फाटलेल्या शीट मागच्या अंगणात ढिगाने टाकलेल्या असत. त्या पत्र्याला आतून चिकटवल्या तर पाणी पडणार नाही, असं ह्यांच्या डोक्यात आलं. सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला ने की, भंगारच आहे. शिफ्ट सुटल्यावर गेटवर सिक्युरिटीने बॅग उघडली आणि सगळ्या शीट काढून घेतल्या. कंपनीचा माल बाहेर जात नाही, पुन्हा दिसलं तर गेटपास जमा करावा लागेल, असं चार माणसांसमोर सुनावलं. सुपरवायझर तिथेच होता, तो पाठ फिरवून निघून गेला. हे रिकामी बॅग घेऊन घरी आले. दिव्याला थंडी वाजत नाही. तरी त्याला मऊ शीट मिळते, आणि तो बनवणाऱ्याच्या पोराला मिळत नाही. हा हिशेब मला त्या दिवशी समजला नाही, आजही समजत नाही.

शेजारच्या खोलीत नजमा राहायची. परभणीकडची. तिचा नवरा युसूफभाई भोसरीत एका गॅरेजात मेकॅनिक. त्यांना अयान आणि झोया अशी दोन मुलं. झोया सईच्याच वयाची. नजमा मला ताई म्हणायची. माझं कोकणी बोलणं ऐकून ती हसायची आणि तिचं "लेकरं" ऐकून मी. आम्ही दोघी संध्याकाळी बाहेर माल ठेवायच्या मोडक्या लाकडी पॅलेटच्या फळ्या जाळून पोरांना शेकवत असू. कारखान्यांच्या कडेला त्या फळ्या पडलेल्या मिळायच्या. जाळ विझला की पोरं रडायची, कारण आता आत जायचं.

नाताळच्या सुमाराला थंडी फारच वाढली. युसूफभाई एका मयतासाठी गावी गेले होते. एके संध्याकाळी नजमाने जाळ विझू दिला, निखारे घमेल्यात भरले आणि आत नेले. धूर नव्हता, म्हणून तिला वाटलं भीती नाही. वारा येऊ नये म्हणून दाराच्या फटीत जुनी ओढणी कोंबली. एका आईने पोरांसाठी जे करावं तेच तिने केलं.

सकाळी पाणी आलं. नळावर तिची कळशी नव्हती. मी दार वाजवलं, हाका मारल्या. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. हे नुकतेच रात्रपाळीहून आले होते. त्यांनी आणि पलीकडच्या खोलीतल्या बिहारी पोरांनी मिळून कडी तोडली. नजमा दाराकडे सरपटत आली होती, तिला उलटी झाली होती, उभं राहता येत नव्हतं. अयान डोकं धरून रडत होता. झोया रडत नव्हती. मी तिला उचललं तर मान मागे पडली. समोर उभ्या टेम्पोत ह्यांनी नजमाला आणि अयानला चढवलं, झोयाला मांडीवर घेऊन मी बसले आणि वाटभर तिच्या तोंडावर फुंकर घालत राहिले, त्याचा उपयोग असतो की नाही मला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, त्याला ना रंग ना वास, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपार टळून गेल्यावर झोयाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हा कुठे नजमाला रडू फुटलं.

आता खरी संतापाची गोष्ट. आम्ही दवाखान्यातून परतलो, तर आप्पा ओट्यावर उभे. पोरीची चौकशी नाही. म्हणाले, "अडाणीपणाची बी हद्द असती. माझ्या खोलीत मुडदा पडला असता म्हंजी? तिला सांगा, महिनाअखेर खोली रिकामी पायजे."

नजमाच्या दोन्ही मुलांचं अंथरूण मी गोळा करायला गेले होते. त्या गोधड्या पिळल्या असत्या तर पाणी निघालं असतं. माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी पेटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळीतल्या सगळ्या बायकांना हाक मारली. प्रत्येकीने आपापली रात्रीची गोधडी उचलली, पोरं काखेला मारली आणि आम्ही बंगल्यावर गेलो. आप्पा चहा पीत होते. मी काही न बोलता ओंकारची वाकळ त्यांच्या कोचावर पसरली. मग बाकीच्या बायकांनीही पसरल्या. बाहेरच्या सोप्यातला कोच, दिवाण, खुर्च्या, सगळं झाकून गेलं.

"ह्ये काय चाललंय?" आप्पा उठले.

आतून काकू आल्या, आप्पांच्या मंडळी. त्यांनी एका गोधडीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग दुसरीला लावला. मी आप्पांना म्हटलं, "तुमच्या गाईंना झूल आहे आणि रात्रभर बल्ब आहे. चांगलं करता. मुकं जनावर आहे. आमची पोरं बोलकी आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा का?"

आप्पा म्हणाले, पुढच्या हिवाळ्याला बगू.

"हिवाळा आत्ता आहे," मी म्हटलं.

ते काकूंकडे बघू लागले. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या भिजक्या वाकळंत तुमी एक रात काढा, मग बोला." आणि ओंकारला माझ्या कडेवरून घेऊन त्या चुलीपाशी गेल्या.

त्याच आठवड्यात सुतार आला. पत्र्याखाली थर्माकोल आणि प्लायचं छत बसलं. मेन स्विच बंद करणं थांबलं. पहिल्या कोरड्या सकाळी सई उशिरापर्यंत झोपली आणि मी तिला उठवलं नाही. पण नजमाला दिलेली सूचना आप्पांनी मागे घेतली नाही. आम्ही भांडलो, काकूही बोलल्या, पण त्या एका गोष्टीवर ते अडून बसले. जिच्या पोरीच्या जिवावर बेतलं म्हणून आम्हाला छत मिळालं, तिलाच त्या छताखाली झोपायला मिळालं नाही. ती कुदळवाडीत गेली, दुसऱ्या पत्र्याखाली. जाताना म्हणाली, "ताई, माझ्या लेकरांनी तुमच्या लेकरांची सोय केली, असं समजा." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. माझ्यात मात्र आहे, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

आता आम्ही मोशीत राहतो. डोक्यावर स्लॅब आहे. सई कॉलेजात जाते, ओंकार पांघरूण लाथेने उडवून झोपतो. सोसायटीच्या ग्रुपवर थंडी पडली की मुलांना लोकरीचे मोजे घाला, हळदीचं दूध द्या, असे सल्ले येतात. मी एकदा तिथे लिहिलं, की वॉचमनच्या खोलीला नुसता पत्रा आहे आणि आत तान्हं बाळ आहे, आधी तिथे छत घालू. कोणी उत्तर दिलं नाही. मग मी दारोदार फिरले. चार घरं तयार झाली, तेवढ्यांच्या पैशात काम झालं. बाकीच्यांचे सल्ले अजून येतात.

मध्यंतरी माझ्या चुलतभावाची मुलगी प्राजक्ता नवऱ्याबरोबर चाकणला आली. कडेवर सहा महिन्यांचं बाळ. तिला खोली दाखवायला मी बरोबर गेले. पहिल्याच ठिकाणी दार उघडल्यावर मी वर पाहिलं. नुसता पत्रा. मालक तरुण होता, हातात मोटारीची किल्ली. मी त्याला म्हटलं, छत घातल्याशिवाय ही खोली लेकुरवाळ्या बाईला देऊ नका. तो वैतागला. म्हणाला, सगळ्यांना चालतं, तुम्हालाच कसं चालत नाही, आणि मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या?"

इतकी वर्षं ह्या प्रश्नाला मी चिपळूण म्हणत आले. आई, तुला वाईट वाटेल, पण त्या दिवशी तोंडातून दुसरंच निघालं.

"इथलीच," मी म्हटलं, आणि प्राजक्ताचा हात धरून पुढची खोली बघायला निघाले.