बाबलीचा कागद

कोरगावची पद्मावती कुणाला कामावर ठेवायचं झालं की आधी त्याचं नाव विचारत नसे, देव विचारी. “गाव खंयचो? देव खंयचो?” समोरच्यानं एका दमात गावाचं आणि ग्रामदेवाचं नाव घेतलं की तो पास. अडखळला की हिच्या भुवया वर जायच्या. ही रीत तिच्या बापाकडून आलेली. गोवा मुक्त झाल्यावर तो सावंतवाडीकडून मुळगावच्या खाणीवर आला, तेव्हा मुकादमानं त्याला एवढंच विचारलं होतं. देव ओळखीचा निघाला आणि त्याच्या हातात घमेलं आलं. पुढे पद्मावती आणि तिची धाकटी बहीण सुशीला, दोघीही लग्न होऊन कोरगावात एकाच वाडीवर आल्या, शेजारी शेजारी.

काजूच्या कारखान्यात बिया फोडता फोडता पद्मावती बायकांची मुकादमीण झाली. शिक्षण सातवी, पण आवाज हेडमास्तरचा. किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहिली तेव्हा म्हापशाचे गोकुळदासबाब तिला मांद्र्याच्या आपल्या हॉटेलात घेऊन गेले. चादरी बदलणाऱ्यांपासून स्वयंपाक्यांपर्यंत सगळे तिथे तिच्या हाताखालून जायचे, आणि ती सगळ्यांना देव विचारायची. ओडिशातल्या पोरांनी जगन्नाथाचं नाव घेतलं की ती खूश व्हायची, जणू जगन्नाथ पेडण्याच्या पलीकडच्या डोंगरावरच राहतो.

दोन हजार चौदाच्या सुमाराला शेजारच्या एका हॉटेलात, पर्यटक म्हणून आलेली एक गोरी मुलगी बारमध्ये काम करताना पोलिसांना सापडली. हॉटेलाला टाळं लागलं. गोकुळदासांनी पद्मावतीला बोलावून घेतलं.

“पद्माबाय, आपल्याकडे जो जो काम करतो त्याला इथे काम करायचा हक्क आहे की नाही, हे तुम्ही तपासायचं आणि माझ्यासमोर सही करायची. एक जरी चुकीचा निघाला तरी परवाना जाईल. मग सगळ्यांच्याच चुली विझल्या म्हणून समजा.”

सीझन तोंडावर आलेला, त्यात हे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! पण पद्मावतीला सहीचा मान आवडला, हेही खोटं नाही. तिनं सगळ्यांना ओळीनं उभं केलं. स्वयंपाकघरातल्या टेकराजशी येऊन ती थांबली. टेकराज नेपाळचा. पशुपतीचं नाव घेऊन कामाला लागला होता, पण आता देवावर भागणार नव्हतं.

“व्हिसा दाखव,” ती म्हणाली.

“बाई, हम लोगों को नहीं लगता,” टेकराज म्हणाला.

पकडला गेलेला प्रत्येक जण असंच म्हणतो, असं पद्मावतीला वाटलं. कागद येईपर्यंत घरी बस, म्हणून तिनं त्याला सांगितलं. टेकराजनं एप्रन काढला, घडी करून ओट्यावर ठेवला आणि तो गेला. त्यानंतर हॉटेलातली आमटी जी बिघडली ती बिघडलीच.

त्याच ओळीत हॉटेलची गाडी चालवणारा बाबली उभा होता. हा सुशीलाचा मुलगा. काही वर्षं इंग्लंडात गोदामात राबून, बाप अंथरुणाला खिळला म्हणून परत आलेला. त्यानं खिशातून आधार कार्ड आणि मतदान कार्ड काढलं, पण पद्मावतीनं ते हातातसुद्धा घेतलं नाही. “आपलो बाबली. ताका कागद कित्याक?” म्हणून ती पुढे सरकली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगाच पडली?

टेकराजला व्हिसा कुठून मिळेल ते विचारायला ती पेडण्याला पोलीस ठाण्यावर गेली. तिथली फौजदार तरुण होती, शांतपणे बोलणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“नेपाळच्या माणसाला इथे काम करायला व्हिसाही लागत नाही आणि परमिटही लागत नाही. त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, आमच्याकडे नोंद करा, झालं. बाय, तुम्ही लोक परदेशी माणूस नाकाडोळ्यांवरून शोधता. तुमच्या गावातून पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेले परत येतात ना, कायद्यानं ते परदेशी. त्यांना आधी विचारा.”

पद्मावती बसमध्ये बसली ती जणू कुणी तोंडावर पाणी मारल्यासारखी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाबलीच्या बापाकडच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, म्हणजे पोर्तुगालच्या कायद्यानं ते आणि त्यांची मुलंबाळं पोर्तुगीजच. म्हापशाच्या एजंटानं आधी आजोबांची लिस्बनला नोंद केली, मग बापाची, मग बाबलीची, आणि एक दिवस तांबडा पासपोर्ट आला. वाडीवरच्या प्रत्येकाला ते नव्या रेशनकार्डासारखंच वाटलं. जाण्याआधी देवळात नारळ ठेवला. ‘लेकरू परमुलखात जाता, ताची राखण कर,’ म्हणून गाऱ्हाणं घातलं, आणि सगळ्यांबरोबर पद्मावतीही ‘होय महाराजा’ म्हणाली. त्या दिवशी आपला मुलगा देश बदलतोय, हे देवाला कळलं असेल तर असेल, माणसांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. जुनी कार्डं तशीच घरात राहिली. त्यामुळे झालं असं, की कागद पाहावे तर बाबली अस्सल भारतीय, आणि तो भारतीय राहिला नाही हे ठाऊक असलेली हॉटेलात एकटी पद्मावती.

उतरल्यावर ती आधी टेकराजच्या खोलीवर गेली. “चुकलं माझं. चल कामाला,” म्हणाली. त्यानं तिला चहा करून दिला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला तो चहा पिताना वाटलं.

बाबलीचं काय करायचं, ते मात्र तिला ठरवता येईना. ताटातला भात तसाच राहू लागला. सही केली तर पोराची नोकरी राहते, बापाचं औषध चालतं, बहिणीचं घर चालतं. पण उद्या कुणी बोट दाखवलं तर सगळं हॉटेल बसतं. शिवाय टेकराजला एक माप आणि भाच्याला दुसरं, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. शेवटी तिनं गोकुळदासांना सांगून टाकलं. “कागद तर बरोबर आहेत ना? मग मी काही ऐकलं नाही. सही तुमची आहे,” असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

म्हणजे ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर. ती गाडीपाशी गेली. बाबली काच पुसत होता.

“बाबल्या, तुजो पोर्तुगाल पासपोर्ट खंय आसा?”

“पेटयेंत. कित्याक?”

तिनं सांगितलं. बाबली आधी हसला.

“मावशे, माजें आधार आसा, मतदान कार्ड आसा. कोणाक कळतलें?”

“माका कळ्ळां न्हय रे.”

“मगे तूं सही कर आनी गप्प राव.”

“टेकराजाचो गुन्यांव नासतना हांवें ताका घरा बसयलो. आतां तुका कसो सोडूं?”

बाबलीनं फडकं बॉनेटवर टाकलं. “म्हणजे हांव परको? ह्या गांवांत हांव परको?”

“कायद्याक परको,” पद्मावती म्हणाली. “माका न्हय.”

“कायद्याची सही तूंच मारतलीस मगे?” एवढं बोलून त्यानं गाडीची चावी तिच्या हातावर ठेवली आणि तो रस्त्याला लागला. मागून हाक मारावी असं तिला फार वाटलं. मारली नाही.

संध्याकाळी सुशीला आपल्या बाल्कांवात, ओसरीच्या पायरीवर उभी होती. “परक्या पोराक ताच्या घरा वचून हाडलोस, आनी म्हज्या पोराक भायर काडलोस,” ती म्हणाली, आणि आत गेली. त्यानंतर दोघी बहिणींचं बोलणं संपलं. गणेशचवथीला पद्मावतीनं गोड नेवऱ्यांचं ताट पाठवलं, ते झाकलेलं होतं तसंच परत आलं. चाळीस वर्षं जिच्याबरोबर एका विहिरीचं पाणी ओढलं, ती आता कळशी घेऊन हिची पाठ वळायची वाट बघत थांबू लागली. पद्मावतीला ते सहन होत नव्हतं. पण आपण केलं ते चूक होतं, असंही तिला मनापासून म्हणवत नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये ती वाळत चालली.

बाबलीनं मात्र रागारागात का होईना, करायचं ते केलं. जुना भारतीय पासपोर्ट परत केला, दंड भरला, आणि परदेशी झालेल्या भारतीयांना इथे राहायला आणि काम करायला जे कार्ड मिळतं त्यासाठी अर्ज केला. पद्मावतीला हे पोदेराकडून कळलं. रोज सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर दोन्ही घरांत जायचा, एवढाच काय तो दुवा उरला होता.

उन्हाळ्यात एका दुपारी कुंपणापाशी सुशीलाचा आवाज आला. तोंड दुसरीकडे वळवून ती बोलत होती.

“पोलीस आयला बाबल्याच्या कार्डाच्या चौकशेक. शेजाऱ्याची सही मागता. वाडयेर कोणूच ना.”

पद्मावती पदर सारखा करत गेली. बाहेरच्या खोलीत एक हवालदार बसला होता, नवीन, दक्षिण गोव्याकडचा. बाबली जनेलाशी उभा राहून बाहेर बघत होता.

“नात्यातलं कुणी नको, शेजारीच पाहिजे,” हवालदार म्हणाला.

“शेजारीणच ती,” सुशीला म्हणाली.

पद्मावतीनं ते ऐकून घेतलं. हवालदारानं पेन उघडलं.

“हे पोर्तुगीज नागरिक. या परदेशी इसमाला तुम्ही कधीपासून ओळखता?”

सुशीला बाळंतपणात तापानं फणफणली होती. तेव्हा सुइणीच्या हातून पोर घेऊन त्याला पहिली आंघोळ पद्मावतीनं घातली होती. तिनं बाबलीकडे पाहिलं. तो अजून बाहेरच बघत होता.

“जल्मापासून,” ती म्हणाली.

हवालदाराचं पेन थांबलं. “परदेशी माणसाला जन्मापासून? ते कसं काय?”

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या पद्मावतीला रडूच आलं. परक्या माणसासमोर, खाली बसून, तोंडावर पदर धरून ती रडली. हवालदार गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला. बाबली जनेलाकडून वळला. पण बोलली ती सुशीला.

“मावशी ती ताची,” ती म्हणाली. “म्हजी व्हडली भयण.”

“मग तुमची सही चालणार नाही,” म्हणत हवालदारानं कागद ओढून घेतला आणि दुसरा शेजारी शोधायला तो बाहेर पडला. पद्मावती उठली नाही. सुशीला चहा टाकायला आत गेली.