ओळखीच्या गाडीसमोरून

महादेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. फोन त्यांच्या बायकोनं, इंदूताईंनीच केला होता. "बाई, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "तुमी हळू या. घाईत गाडी चालवू नका." नवऱ्याला जाऊन तासही झाला नव्हता आणि ही बाई मला गाडी सावकाश चालवायला सांगत होती... या गोष्टीला आता दीड महिना होईल. ते वाक्य अजून मनातून जात नाही, कारण गाडी हा विषय त्या दोघांच्या संसारात कुठून आला हे मला ठाऊक आहे. ते ठाऊक करून घ्यायला मला तीन वर्षं लागली होती.

महादेवभाऊंनी मला गाडी शिकवली. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. आमच्या ह्यांना कमी दिसायला लागलं, मुलगी पुण्याला, तेव्हा दारातली गाडी विकायची किंवा मी शिकायची, असे दोनच मार्ग उरले. मनीषनगरात भाऊंचा ड्रायव्हिंगचा क्लास होता. क्लास म्हणजे एक लाल, ठिकठिकाणी पोचे आलेली छोटी गाडी आणि ते स्वतः. पहिल्या दिवशी मी सलवार-कमीज, बूट, उन्हाचा चष्मा अशी जय्यत तयारी करून गेले, तर त्यांनी गाडीला हात लावू दिला नाही. घरासमोरच्या मोकळ्या जागेत कुणाचा तरी पुढे लांब नाक असलेला जुना ट्रक उभा असायचा. म्हणाले, "मॅडम, यात चढा." ट्रकमध्ये चढणं ही काय चीज आहे हे ज्याचं त्याला कळतं. मी कशीबशी चढले, स्टिअरिंगमागे बसले, तोवर भाऊंनी घराकडे तोंड करून हाक मारली, "इंदू, ये वं जरा!" इंदूताई हाताला लागलेलं पीठ तसंच घेऊन आल्या आणि ट्रकसमोर कुठेतरी गेल्या. "सांगा मॅडम, इंदू दिसून राहिली का?" मला समोर मैदान दिसत होतं, पलीकडची पानटपरी दिसत होती, टपरीवरचा माणूस चुना मळतोय तेसुद्धा दिसत होतं. इंदूताई नव्हत्या. "घरात गेल्या वाटतं," मी म्हणाले. भाऊ म्हणाले, "इंदू, एक पाऊल मागं हो." काही नाही. आणखी एक. काही नाही. पुढच्या पावलाला ट्रकच्या नाकाच्या कडेवर भांगातलं कुंकू उगवलं, आणि त्याच्या पुढच्याला इंदूताईंचे रागावलेले डोळे. "तव्यावर पोळी हाये माही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी घरात गेल्या म्हणाले तेव्हा ती बाई ट्रकच्या बंपरला खेटून उभी होती.

दुसरा दिवस सिग्नलवर. गाडीत बसून नाही, फुटपाथवर उभं राहून. लाल दिव्याला गाड्या थांबल्या की समोरून माणसं कशी जातात ते नुसतं बघायचं. बहुतेक माणसं गाडीला खेटून जातात, फोन कानाला, आणि ड्रायव्हरकडे कुणी म्हणजे कुणीही बघत नाही. गाडी थांबलेली आहे म्हणजे आपल्याला पाहूनच थांबली आहे, असा प्रत्येकाचा समज. भाऊंचे नियम साधे होते. चालणाऱ्यानं गाडीपासून लांबून जायचं, ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचं, आणि गाडीची कड संपते तिथे पुन्हा थांबून डोकावायचं, कारण बाजूच्या फटीतून स्कूटरवाला येतच असतो. गाडीतल्यानं काय करायचं, तर मोजायचं. "समोर किती जण शिरले, मॅडम? चार. बाहेर किती आले? तीन. मंग दिवा हिरवा होऊ द्या नाई तर निळा होऊ द्या, गिअर टाकायचा नाई." मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे, पण भाऊंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही.

मला मुळात फार चौकशा करायची खोड. ही मोजदाद आली कुठून? कुणी शिकवली? दोनदा विचारलं, दोन्ही वेळा भाऊंनी आरसा पुसायला घेतला. लायसन्स मिळालं, मी गाडी चालवू लागले, ओळख घरोब्यात बदलली, तरी उत्तर मिळालं नाही. शेवटी एका दुपारी भाऊ बाहेर असताना चहा पिता पिता इंदूताईंनीच सांगून टाकलं, तेही शेजारच्या घरची गंमत सांगावी तसं.

भाऊ तेव्हा कोराडीच्या वीजकेंद्राला कोळसा नेणाऱ्या ट्रकवर होते. गेटबाहेर ट्रकांची लांबच लांब रांग लागायची आणि इंदूताई त्यांचा डबा घेऊन जायच्या. त्या दिवशी त्या रस्त्याच्या अलीकडे, भाऊंची खिडकी पलीकडे. मधून कुठूनतरी जाणं भाग होतं. "दुसऱ्या कोनाच्या गाडीसमोरून मी गेलीच नसती, बाई. कोन ड्रायव्हर कसा, मले काय मालूम? ह्यायची गाडी दिसली. म्हटलं, आपलीच हाये, कायची भीती?" त्या ट्रकच्या नाकाला लागून अर्ध्यात पोचल्या आणि रांग पुढे सरकली. बंपर खांद्याला लागला, त्या गुडघ्यांवर पडल्या, आणि ट्रक थांबला. मग उठल्या, फिरून खिडकीशी गेल्या आणि डबा वर केला. खांद्यावर काळा डाग कसला, असं भाऊंनी विचारलं, तेव्हा कुठे काय झालं ते भाऊंना कळलं. "मग?" मी विचारलं. "मंग काय? जेवलेच नाई. सांजच्याले मालकाले चाबी देऊन आले."

मला राहवलं नाही. पुढच्या भेटीत मी भाऊंना म्हणाले, तुम्ही वेळेवर थांबलात, मग इतकं का लावून घेतलंत? ते म्हणाले, "मी नाई थांबलो, मॅडम. समोरचा ट्रक थांबला, म्हणून मी थांबलो. तिच्यासाठी मी काईच केलं नाई." उगाच विचारलं, असं वाटलं आणि वाईटही फार वाटलं.

गंमत अशी की साऱ्या मनीषनगरला शिकवणाऱ्या या माणसाचं त्याच्या घरात कुणी ऐकत नव्हतं. इंदूताई कुणाच्याही गाडीसमोरून खुशाल बोलत बोलत जायच्या. भाऊ गाड्यांच्या बाजूने, एक हात आडवा धरलेला, तोंडाने चिडचिड. दवाखान्यात शेवटचे भेटले तेव्हा आजाराबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "मी नसलो तर ही रस्ता कशी पार करन, मॅडम? माह्यं ऐकत नाई. तुमी तरी सांगा तिले." सांगते म्हणाले खरी, पण नुकतं कपाळ पुसलेल्या बाईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू, असं करत महिना गेला.

मागच्या आठवड्यात त्यांना गुडघा दाखवायला न्यायचं होतं. मी सिग्नलला पोचले तर दिवा लाल, माझी गाडी सगळ्यात पुढे, आणि इंदूताई डाव्या फुटपाथवर. त्यांना रस्ता ओलांडून पलीकडे यायचं होतं. वळून तिथेच मी त्यांना घेणार होते. मी काचेतून हात केला, या. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि उभ्याच राहिल्या. पुन्हा हात केला. ढिम्म. माझ्यासमोरून पाच जण गेले, पाच बाहेर पडले, दिवा हिरवा झाला. मी चरफडत पुढून वळून, परत फिरून त्यांच्या बाजूला गेले.

"ओळखलं नाही का मला?" दार उघडत मी जरा तोडूनच विचारलं.

"ओळखलं ना. ओळखीची गाडी होती, म्हनून तर थांबली."

"अहो, मग भाऊ जन्मभर घसा फोडून सांगत होते, तेव्हा एकदा तरी थांबायचं होतं!"

इंदूताई आत बसल्या. गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, दार लावलं.

"तवा काहून थांबू, बाई?" त्या म्हणाल्या. "पाहाले हे होते ना."