मधुकररावांचं आमेन

सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये मधुकरराव शिंगारेंचं आमेन सगळ्यांत आधी यायचं आणि सगळ्यांत मोठं. पुष्कळदा तर प्रार्थना संपायच्या आतच ते 'असंच होवो' म्हणून मोकळे. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसायचो, त्यामुळे माझ्या कानांची खैर नसायची.

माणूस मात्र सरळ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौदा वर्षं ट्रंक कॉल जोडत होते. १९७२ साली सुपरवायझरची एक जागा निघाली आणि त्यांनी गुपचूप अर्ज टाकला. देवाजवळ मोठी खुर्ची मागायची त्यांना लाज वाटायची, आणि ती हुकेल ही काळजीही होती. बायकोलाही त्यांनी काही सांगितलं नाही.

एक्स्चेंजमध्ये आमच्या चर्चची आणखी एकच ऑपरेटर होती, वच्छला. दोघांनी रविवार वाटून घेतले होते. एका रविवारी ती चर्चला आणि हे एक्स्चेंजच्या बोर्डावर, पुढच्या रविवारी उलट.

असाच एक रविवार मधुकररावांचा चर्चला यायचा होता. वच्छलाची आई जयवंताबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या.

"देवा बापा, माही वच्छी लय मेहनत करते. तिच्या मनातली गोष्ट तिले भेटू दे..."

"आमेन!" मधुकरराव गरजले.

"...थे सुपरवायझरची जागा," जयवंताबाईंनी वाक्य पुरं केलं.

मागून मला मधुकररावांचे कान लाल झालेले दिसले. उपासना संपताच त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठलं.

"पाळकसाहेब, एखादं आमेन वापस घेता येते का?"

"शिंगारे, तुमचं आमेन कामठीपर्यंत पोचलं असेल. आता कुठून आणता?" पाळकसाहेब हसले.

"त्या जागेसाठी माहा पण अर्ज हाय जी."

पाळकसाहेबांचं हसू मावळलं. "मग दोघांसाठी मागू," ते म्हणाले.

"जागा तं एकच हाय ना."



मुलाखतीच्या दिवशी मधुकररावांचा पहिला नंबर होता. त्यांना सुट्टी होती, नवा शर्ट होता, आणि कन्हानपासून कलकत्त्यापर्यंत कोणती लाइन कुठून फिरवायची ते तोंडपाठ होतं. साहेब खूश झाले. मधुकरराव जिना उतरले ते जवळजवळ उड्या मारतच. खाली बोर्डावर वच्छला बसली होती. एक डोळा घड्याळाकडे, चेहरा रडवेला. तिच्या जागी येणारी बाई तापानं पडली होती, बोर्ड सोडता येत नव्हता, आणि दहा मिनिटांत वर तिचं नाव पुकारलं जाणार होतं.

मधुकरराव तसेच बाहेर गेले. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. सायकलचं कुलूप उघडलं, पायडलवर पाय ठेवला. जागा आता आपलीच, नुसतं घरी जायचं. पण आमेन आपणच म्हटलेलं, आणि तेही सगळ्या मंडळीसमोर. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. सायकल तशीच भिंतीला टेकवून ते आत आले.

"ऊठ वं वच्छला. आण तो हेडफोन."

"मधुकरभाऊ, काय करून राहिले तुम्ही, समजते का?"

"समजते. पळ लवकर, नाहीतर मन बदलन माहं."

वच्छला जिन्यावरून धावत सुटली.

जागा तिलाच मिळाली. मधुकररावांना वाईट वाटलं नाही असं कोण म्हणेल? दोन रविवार त्यांनी गाणंही म्हटलं नाही. वच्छलानं मात्र ड्यूटीचा तक्ता हाती येताच पहिलं काम केलं, महिन्यातला एक रविवार दोघांना एकदम मोकळा ठेवला.

त्या रविवारी कित्येक वर्षांनी दोघं एकाच वेळी चर्चमध्ये होते. जयवंताबाई आभार मानायला उठल्या. मधुकरराव मान खाली घालून गप्प बसले होते.

"देवा बापा, आता मधुकररावाच्या मनातली गोष्ट..."

"आमेन!"

सगळी मंडळी वळून पाहू लागली. ओरडली होती वच्छला, आणि जयवंताबाईंचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.