हे लोक कधी निघतील?

घरमालकांनी आमचं भाड्याचं घर विकायला काढलं होतं. रविवारी सकाळी एजंट एका तरुण जोडप्याला घेऊन आला. गुंतवणूक म्हणून ती दोघं पहिल्यांदाच फ्लॅट घेणार होती. भाडं किती येईल, दरवर्षी किती वाढवता येईल, पुढे विकताना भाव मिळेल ना, असे त्यांचे प्रश्न संपत नव्हते. चपला न काढताच ती दोघं देवघरापर्यंत जाऊन आली. आई तिथेच मेथी निवडत बसली होती.

"आणि हे लोक कधी निघतील?" त्या तरुणाने एजंटला विचारलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आम्हालाच विचारा की," मी म्हणाले. "समोरच उभी आहे मी."

तो वरमला. आईच मग समजुतीने म्हणाली, "पावसाळ्यात या भिंतीला ओल येते. तान्हं मूल असेल तर पाळणा इकडे नका बांधू."

"आम्ही नाही राहणार इथे, काकू."

"कुणीतरी राहीलच ना, बाळा."

आम्ही घर सोडल्यावर महिन्याभराने कळलं, त्या ओलीवरून त्यांनी भाव पाडून घेतला होता. मग भिंतीला नुसता रंग फासला आणि घर एका बाळंतिणीच्या कुटुंबाला भाड्याने दिलं. ओलीबद्दल त्यांना कुणी अक्षरही सांगितलं नाही.