पेंढ्याखालचं घर

आमच्या खारजूवर तुळजाकाकूइतकं घाबरट माणूस शोधून सापडणार नाही. होडीत चढताना ती डोळे मिटते, टपालवाला आला की मोरीत जाऊन उभी राहते आणि फोनवर अनोळखी नंबर दिसला की फोन उशीखाली सरकवते. आम्ही तिला चिडवतो, मी तर जरा जास्तच. पण तिच्या एका भीतीला मी कधी हसले नाही. काकू पलीकडच्या राहनाळ गावची लेक. गोदामांकडे जाणारा रस्ता रुंद करताना तिचं माहेरचं घर जेसीबीने पाडलं, तेव्हा ती अंगणात भाचीची वेणी घालत होती. भिंत पडायच्या आधी घरातली भांडी वाजायला लागतात, असं ती सांगते. हे सांगताना तिचा आवाज इतका खाली जातो की ऐकायला जवळ सरकावं लागतं.

खारजू म्हणजे भिवंडीजवळच्या खाडीतलं आमचं एवढंसं बेट. पलीकडे पूर्णा गावच्या गोदामांची लांबच लांब छपरं, अलीकडे आमची भातशेती आणि खारं पाणी अडवणारा बांध. जुन्या गावठाणातली जागा कधीच संपली. तेव्हापासून नवं घर कुठे बांधायचं ते गावकी ठरवते, आणि गावकीच्याही आधी पाणी ठरवतं. पुनवेच्या उधाणाला निवडलेल्या जागेवर भाताची रास घालून ठेवायची. रास कोरडी राहिली तर घर बांधा, भिजली तर दुसरी जागा बघा. तुळजाकाकूचं घर असंच उभं राहिलं. गावकीचे म्होरके केसरीनाथकाका यांनी स्वतः रास चाचपून होकार दिला होता. सरकारच्या लेखी मात्र ती जागा शेतीचीच राहिली, आणि त्याची फिकीर कुणालाच नव्हती.

मग बातमी आली की बेटाचा विकास आराखडा होणार. ड्रोन वरून सगळं टिपणार, आणि गावठाणाबाहेर जे घर दिसेल ते अनधिकृत. हे ठरवणारे आमच्या होडीत कधी पाय ठेवून गेले नव्हते, याचा मला आजही संताप येतो. तुळजाकाकूला संताप वगैरे काही आला नाही. ती घाबरून थेट कामाला लागली.

भात नुकतंच झोडून झालं होतं. काकूने आपल्या बसक्या घरावर पेंढा चढवायला घेतला. छप्पर झाकलं, भिंती झाकल्या, जाण्यायेण्यापुरतं दार ठेवलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, शेतात पेंढ्याची उडवी रचून ठेवलीय. आग लागेल म्हणून तिने चूल बंद केली आणि नामाकाकांना, म्हणजे नवऱ्याला, विडी ओढायला बांधावर पिटाळलं. त्यांचा मुलगा धनेश गोदामातली शिफ्ट संपवून आला तर त्याला स्वतःचं घर सापडेना. आम्ही पोट धरून हसलो. पण भीतीची लागण फार लवकर होते. बघता बघता तिच्या घराला लागूनची बांधाकडची सगळी ओळ पेंढ्याखाली गेली, केसरीनाथकाकांच्या थोरल्याचं घरसुद्धा. माझं घर जुन्या गावठाणात, म्हणून मी हसायला मोकळी होते.

ड्रोन आला, भुणभुणत फिरला आणि गेला. तो डोक्यावर होता तोवर काकू आत अंधारात तोंडावर पदर दाबून बसली होती. वर श्वास ऐकू जाईल असं तिला वाटत होतं.

आराखड्याचा नकाशा लागला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. बांधाकडची ती सगळी ओळ नकाशात मोकळी होती. जागा मोकळी दिसली म्हणून पलीकडून पूल आणून तिथे ट्रकतळाचं आरक्षण टाकलं होतं. घरं वाचवायला गेलो आणि आमच्याच हातांनी ती पुसून बसलो.

गावकी बसली. घरं आहेत म्हणावं तर अनधिकृत म्हणून नोटिसा येणार, गप्प बसावं तर ट्रकतळ. सुनावणीत फक्त शेतीची हरकत घ्यायची, घरांचं नाव काढायचं नाही, असं केसरीनाथकाकांनी ठरवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.  त्यानंतर तुळजाकाकू मला सारखं एकच विचारायची.

"पोरी, घर नकाशात नसला तर पाडताना इचारतील तरी का, आत कोन हाय?"

 मग मलाही धास्ती वाटायला लागली, आणि माझं चिडवणं बंद झालं.

सुनावणी भिवंडीत होती. अधिकारी बाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी केसरीनाथकाकांची हरकत नीट ऐकून घेतली आणि पडद्यावर बेटाचा फोटो लावला. बांधाकडेला ओळीने उडव्या दिसत होत्या. इथे वस्ती आहे का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, नाही, शेतीच आहे. मग बरंच झालं, बाई म्हणाल्या, कुणी बेघर होत नाही, शेतीचा मोबदला मिळेल, आरक्षण ठेवायला हरकत दिसत नाही.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. माझा दंड घट्ट धरून तुळजाकाकू उभी राहिली होती.

"बाय, त्या पेंढ्याखाली माजा घर हाय."

बाईंना कळेना. काकूने अडखळत सांगितलं की भीतीपोटी घर झाकलं होतं, ड्रोन आला तेव्हा ती आतच होती. बांधायला परवानगी कुणाची होती, या प्रश्नावर ती म्हणाली, पुनवेचं पाणी आलं नाही, म्हणून बांधलं. मागे कारकून फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावरच्या उडव्यांकडे बोट करून विचारलं, "आणि या बाकीच्या?"

केसरीनाथकाका फरशीकडे बघत होते. काकूने मागे वळून आम्हा एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगणार. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. शेवटी ती म्हणाली, "माजा एकटीचा."

बाईंनी तिचं एकटीचं घर लिहून घेतलं आणि मोजणीची माणसं येतील म्हणून सांगितलं.

परतताना होडीत सगळ्यांना भरून आलं होतं. आमची नावं घेतली नाहीस, तुझे उपकार फिटायचे नाहीत, असं केसरीनाथकाका तिला म्हणाले. काकूने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"घेनार व्हते," ती म्हणाली. "भ्यायले. आवाजच फुटला न्हाय. आता ते माज्याच घरी येतील ना?"

 तिच्या घराची आणि काकांच्या थोरल्याच्या घराची मधली भिंत एकच आहे, आणि त्याच्या पलीकडच्या घराचीही तशीच, अशी ती ओळ शेवटपर्यंत गेली आहे. एक घर मोजायला आलेल्यांना सगळीच ओळ सापडणार, हे काकांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. किनारा अजून लांब होता, तरी त्यांनी नावाड्याला होडी सावकाश घ्यायला सांगितली.