व्हॉल्व्हवरच्या चिंध्या

संडासातला पाइप फुटून पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं आणि मंगल भलतेच व्हॉल्व्ह फिरवत होती. कामाचा तिचा तिसराच दिवस. "मावशी, गेली माझी नोकरी," म्हणून रडत होती.

ऑफिसची झाडलोट, पाणी, दिवे आता सगळं एका कंपनीकडे दिलंय. आम्हा जुन्या बायकांनाही कंपनीनंच घेतलं. झाडू तोच, साडीवर निळा कोट आला. सहा व्हॉल्व्हना आम्ही ओळखीसाठी रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. कंपनीच्या साहेबानं घाण म्हणून काढायला लावल्या. काढल्या मीच. आता रंग आठवत होते, जागा नाही.

"रडायचं नंतर. पाइपांना हात लाव. जो थरथरतोय, त्याचा बंद कर."

तिनं डोळे मिटून एकेका पाइपावर तळवा ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. चौथ्यापाशी थांबली, त्याचा व्हॉल्व्ह फिरवला. पाणी बंद झालं. इमारत कुणाच्याही ताब्यात द्या, तिला असा हात लावणारं माणूस लागतंच.

साहेब आला तेव्हा आम्ही पाणी उपसत होतो.

"कुणी थांबवलं?"

"मंगलनं," मी म्हटलं.

तिची नोकरी राहिली. त्या पाण्यात आम्ही दोघीच होतो; भलते व्हॉल्व्ह फिरवताना तिला दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.