टाचेवरची फक्की

ताईचा फोन आला तेव्हा मी महाडच्या दुकानात होतो, शटर नुकतं वर केलेलं. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुझे दाजी गेले. आता तरी ये." एवढंच. ते 'आता तरी' तिने कित्येक वर्षं तोंडात धरून ठेवलं असावं... बिरवाडीला त्यांच्या खोलीवर पोहोचलो, तर सगळ्यांत मोठा हार घेऊन अण्णा आधीच हजर. अण्णा म्हणजे आमच्या गावच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष. तेरावं झाल्यावर ते दुकानात आले. "विनायकराव, दाजींच्या नावाने स्पर्धा घेतोय, स्मृतिचषक. तुम्ही पेपरात चार चांगल्या ओळी लिहा." लिहितो म्हणालो. त्याच या ओळी, अण्णा. चांगल्या आहेत का, ते शेवटपर्यंत वाचून ठरवा.

दाजी कारखान्यात पाळीवर जायचे आणि रविवारी महाड-पोलादपुरात कबड्डीचे पंच म्हणून उभे राहायचे. भाकरी आणि पाणी घरून. यजमान गाव पोहे घेऊन मागे लागायचं, पण हे हात लावायचे नाहीत. "पोहे पोटात गेले की शिट्टी तिकडंच वाजते रे," म्हणायचे. सामना संपला की मात्र चहा घ्यायचे, तोही हरलेल्या संघाच्या घोळक्यात बसून. आणखी एक खोड होती. दिलेला निर्णय भर मैदानात फिरवायचे. पोरं ओरडायची, "परतला रे परतला!" हे शांतपणे म्हणायचे, "हात माझाच हाय. वर केला तसा खाली करता येतो." मी त्यांच्याबरोबर रेषापंच म्हणून मागच्या रेषेवर उभा राहायचो. मला एकदा सांगितलं होतं, "विनू, शंका आली की मनात दोन्ही संघांची नावं उलटी कर. तरी तोच निकाल येतो का बघ. नाय आला, तर तो निकाल तुझ्या डोळ्यांनी दिला नाय, तुझ्या गोतावळ्याने दिला."

मग तो अंतिम सामना आला, आमचं गाव आणि खोऱ्यापलीकडची वाडी. आमचं गाव दाजींची सासरवाडी, म्हणून वाडीवाल्यांनी कुरकुर केली होती, पण त्यांचा कर्णधार म्हणाला, "पंच हाच पायजे." शेवटची चढाई आमच्या धाकट्या भावाची, सुरेशची. त्याने कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि मध्यरेषा गाठली. दाजींनी गुण दिला. ढोल सुरू झाला, पोरांनी सुरेशला खांद्यावर घेतलं... आणि दाजींचा हात खाली आला. सुरेशच्या टाचेला पांढरी फक्की लागली होती. मैदान आखायची ती भुकटी बाहेरच्या रेषेची, तशी मध्यरेषेचीही असू शकते. ते धावत माझ्याकडे आले. "ही चढाई वाडीच्या पोराची असती तर मी पयली टाच बघितली असती. सुरेशची का नाय बघितली? तू मागच्या रेषेवर होतास. काय वाटतं ते नको सांगू. काय बघितलंस?"

हात लावायच्या आधीच सुरेशचा पाय रेषेबाहेर गेला होता. माझ्यापासून दोन हातांवर. मी स्वच्छ बघितलं होतं.

"धूळ होती, दाजी. नीट दिसलं नाही."

तरी त्यांनी त्या फक्कीवरून सुरेशला बाद दिलं. त्याबरोबर अण्णांनी माइक ओढून घेतला. "पंच विकला गेला! सासरवाडीवरचा राग काढतोय!" लोक मैदानात घुसले. कुणीतरी दाजींच्या शर्टाची बाही फाडली. ताई बायकांत बसली होती, ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. रेषेवरच्या माणसाला दिसलं नाही म्हणून मंडळाने निकाल फिरवला आणि चषक आमच्या गावाला दिला. दाजींना पुन्हा कुणी पंच म्हणून बोलावलं नाही. ताई शिमग्याला माहेरी यायची बंद झाली. पाय बाहेर गेला होता हे सुरेशलाही ठाऊक होतं. आम्ही दोघे भाऊ त्यावर कधी बोललो नाही.

मला वाटायचं, दाजी मनात मला शिव्या देत असतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटच्या आजारात एकदा भेटायला गेलो, तर पडल्या पडल्या विचारलं, "विनू, त्या दिवशी धूळ होती ना रे?" मी म्हटलं, "होती." "मग माझंपण चुकलं असेल," ते म्हणाले. "सुरेशवर अन्याय झाला असेल तर... त्याला सांग." जो माणूस शिट्टीच्या आधी स्वतःला उलटून बघायचा, तो त्या एका निकालाला इतकी वर्षं उलटून बघत होता. त्यातून त्यांना सोडवायला माझा एक शब्द पुरला असता. तो मी मरणाऱ्या माणसालाही दिला नाही.

आणि आता अण्णा म्हणतात, स्पर्धेच्या दिवशी स्टेजवर दाजींचा फोटो ठेवू आणि शेजारी तो चषक. तोच चषक! दाजींची रीत मी अण्णांना लावून बघितली. त्यांच्या जागी मी असतो तर? माइक मीही ओढला असता, कदाचित. नावं उलटी केली तरी निकाल तोच येतो, अण्णा: तुम्हीही दोषी, मीही. माफ करावंसं वाटत नाही. तुम्हाला नाही, मला तर नाहीच. मी मंडळाचा खजिनदार, समाजमंदिरातल्या चषकाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. हे छापून येईल त्या सकाळी तुम्ही माझ्याकडून ती किल्ली मागवून पाहुण्यांसमोर ते कपाट उघडाल. त्यात धुळीतलं एक वर्तुळ दिसेल. फोटोशेजारी तेच ठेवा. आणि माइक हातात असेलच, तर लोकांना सांगा चषक कुठे गेला.

तो मी आणि ताई वाडीला देऊन आलो. त्यांच्या त्या वेळच्या कर्णधाराचे केस आता पिकलेत. त्याने चषक हातात फिरवला आणि म्हणाला, "आता काय करू याचं? पोरं समदी मुंबईला." मग आत बघून ओरडला, "गो, च्या टाक!"

चहा आला. मी हात लावला नाही. कुठल्या तोंडाने लावणार? ताईने आपल्या कपातला अर्धा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

"घे," ती म्हणाली. "ते हरलेल्यांबरोबरच प्यायचे."